एकावर एक दोन नळ्या

तबकडी उडते तेव्हा आधी काहीच ऐकू येत नाही. खाणीच्या तळाशी जमिनीत एक खड्डा केलेला आहे, त्यात यंत्र बसवलंय. तिथून ती निघते. नारिंगी, तळहाताएवढी, आणि समोरच्या काळ्या कातळावरून आकाशात चढू लागते. चढताना घाईत असते, पण वर गेल्यावर तिची घाई संपते. क्षणभर असं वाटतं की ती आता तिथेच राहणार, खाली यायचं तिच्या मनात नाही. मग बार होतो, आणि तबकडीच्या जागी थोडी धुरासारखी काळी धूळ असते. धूळ वाऱ्याने एका बाजूला कलते आणि नाहीशी होते. हे मी किती वेळा पाहिलं असेल! तरी दर वेळी मला वाटतं, मी आत्ताच जागा झालो.

माझी बायको नर्मदा या तबकड्या फोडायला जाते. एकसष्ट वर्षांची आहे. आम्ही नरपडला चिकूच्या वाडीत राहतो. वाडी तिच्या वडिलांची. मी लग्नानंतर तिथे राहायला आलो आणि डहाणूला पतपेढीत नोकरी करून निवृत्त झालो. मला लिहायची सवय नाही. नर्मदेच्या मावसबहिणीची मुलगी सोनल म्हणाली, "काका, मावशीच्या बंदुकीचं कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे." घरात कोणीतरी म्हणजे मीच होतो. जमेल तसं लिहितो.

नर्मदा एकुलती एक. वडिलांनी तिला मुलगी म्हणून वेगळं काही शिकवलं नाही आणि मुलगा म्हणूनही नाही. वाडीत जे काम समोर आलं ते तिने केलं. चिकू काढायला आमच्याकडे लांब बांबू असतो, टोकाला जाळी बांधलेली. जाळी फळाखाली न्यायची, हात थांबवायचा, हलका हिसका द्यायचा, फळ जाळीत. सगळी खुबी त्या थांबण्यात. हात थांबला नाही तर काठी फांदीला लागते आणि शेजारची कच्ची फळं गळतात. लहानपणी तिच्या हातून असं झालं की वडील दूर ओट्यावरून ओरडायचे, "थांब! फळापाशी थांबायला शीक!" ती शिकली. आता तिच्या हाताला सांगावं लागत नाही. पानांच्या गर्दीत फळ दिसलं की काठी सरळ त्याच्याखाली जाते आणि अशी थांबते, जशी मांजर थांबते.

वडिलांकडे शेताच्या राखणीची जुनी जोडनळी बंदूक होती. दोन नळ्या शेजारी शेजारी, खांद्याला लाथ मारणारी. संध्याकाळी वटवाघळांचे थवे चिकूवर उतरू लागले की ते हवेत बार काढायचे. पुढे त्यांना संधिवात झाला आणि हे काम नर्मदेकडे आलं. तिने त्या बंदुकीने कधी काही मारलं नाही. ती आभाळात बार काढायची, सगळा थवा काळ्या कापडासारखा उचलला जायचा आणि समुद्रावरून वळून जायचा. ती बघत राहायची. लग्न झालं त्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते ना. ते परत येतील की नाही याची."

वडील गेल्यावर ती बंदूक सरकारजमा झाली आणि विषय संपला. मग दोन हिवाळ्यांमागे सोनल आम्हाला तलासरीला घेऊन गेली. ती वापीच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथल्या काही हौशी लोकांनी तलासरीच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीत तबकडी नेमबाजीचा क्लब काढलाय. आशागड, गंजाड करत चारोटीला हायवेला लागायचं आणि उत्तरेला जायचं. गाडीत मला झोप लागते. जागा झालो तेव्हा समोर ती खाण होती, धुकं होतं, आणि नर्मदा गाडीतून उतरून केव्हाच पुढे गेली होती.

पहिली तबकडी फुटली तेव्हा तिने माझा हात धरला. चारचौघांत ती असं करत नाही.

"अहो, काही पडलं नाही खाली."

"फुटली ना ती."

"तेच म्हणते मी. पडलं नाही काही. मेलं नाही काही. नुसतं होतं आणि नाही झालं."

परतताना आशागडला चहा प्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "मला शिकायचंय ते."

क्लबात शिकवणारे गोविंदराव. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे घोलवडचे. मिशा पांढऱ्या, आवाज खाणीच्या पलीकडे जाईल असा. नेम धरणाऱ्याच्या पाठीमागे एका पायावर भार देऊन उभे राहतात आणि छर्रे कुठून गेले ते सांगतात. त्यांना ते कसं दिसतं ते मला माहीत नाही. ते म्हणतात, हवा हलते तिथे बघायचं. मी पुष्कळदा बघितलं. मला हवा कधी हलताना दिसली नाही.

क्लबची बंदूक घेऊन ती शिकू लागली. ही बंदूक वडिलांच्या बंदुकीसारखी नव्हती. हिच्या दोन नळ्या शेजारी नाहीत, एकावर एक असतात. गोविंदरावांनी पहिल्याच दिवशी समजावलं, "वहिनी, शेजारच्या नळ्या म्हणजे नाकासमोर चौपदरी रस्ता. एकावर एक म्हणजे पायवाट. डोळ्यापुढे एकच बारीक रेघ राहते. तबकडी पळत असते, तिच्या मागे रेघेनेच जाता येतं. आधी खालची नळी उडते, चुकलं तर वरची."

पायवाट मिळाली, पण तबकडी मिळेना. सरळ समोर जाणारी ती कधीमधी फोडायची. डावी-उजवीकडे तिरपी गेली की संपलं. बार व्हायचा, तबकडी आपली पुढे निघून जायची आणि लांब गवतात पडायची. मागून गोविंदराव तेच तेच सांगायचे.

"मागे पडली वहिनी. बंदूक थांबली तुमची."

"मी नाही थांबवली."

"तुम्ही नाही हो, तुमचे हात. तबकडीला गाठलं की थांबतायत. गाठून पुढे जायचं, पुढे जाताना चाप ओढायचा. छर्रे पोचेपर्यंत ती तिथे बसून राहते काय तुमच्यासाठी?"

ती मान डोलवायची. सगळं समजायचं तिला. पुढची तबकडी उडायची, बंदूक तिच्यामागे जायची, गाठायची आणि फळापाशी थांबावी तशी थांबायची.

दुपारी जेवल्यावर ती ओसरीतल्या झोपाळ्यावर पडते. त्या हिवाळ्यात एकदा मी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होतो. तिचा डोळा लागला होता. तिचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, हवेत हळूच सरकला, काहीतरी दिसल्यासारखा वर गेला आणि थांबला. थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खाली आला. झोपेत तरी तो हात पुढे जावा असं मला फार वाटलं. मी वर्तमानपत्र मिटून ठेवलं आणि बघत बसलो. हात पुन्हा उठला. पुन्हा थांबला.

गोविंदराव म्हणाले, क्लबची बंदूक दहा जणांच्या खांद्याला लागते, ती कोणाचीच होत नाही, स्वतःची घ्या. परवान्यासाठी अर्ज केला. आमच्या वयाच्या बाईला बंदूक कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटले. कचेरीतल्या एका साहेबांनी तर मलाच बाजूला घेऊन विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?" कसाबसा परवाना मिळाला, पण त्यात बंदूक घेण्याची मुदत असते. गावातले बंदोबस्त, निवडणूक, मग तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांत ती मुदत बरीच निघून गेली. जी उरली होती ती फेब्रुवारीअखेर संपत होती. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि तेव्हा कोणी हो म्हणेल ही आशा नर्मदेला नव्हती. घ्यायची तर आत्ता, आणि एकच. जी घेऊ तिनेच जमलं तर जमलं.

जानेवारीत सोनल आम्हाला मुंबईला घेऊन गेली. फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत धनेशभाईंचं बंदुकांचं दुकान आहे. आत शिरलं की तेलाचा आणि अक्रोडाच्या लाकडाचा वास येतो. उंच छत, मंद पंखा, भिंतीवर काचेच्या कपाटांत उभ्या केलेल्या बंदुका. रस्त्यावरचा आवाज आत येईपर्यंत दमून जातो. मला वाटलं इथे कोणी मोठ्याने बोलत नसेल. पण धनेशभाई मोठ्यानेच बोलले.

"आवो बेन, बसा. कोणासाठी जोईए? साहेबांसाठी?"

"साहेबांसाठी नाही," नर्मदा म्हणाली. "माझ्यासाठी. तबकडीची."

धनेशभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

त्यांच्याकडे तिच्या परवान्यात आणि आमच्या ऐपतीत बसतील अशा दोनच वरखाली नळीच्या बंदुका होत्या. पहिली इतकी देखणी की काय सांगू. बारीक बांधा, लाकडावर मधासारख्या रेषा, आणि चापाच्या वर दोन्ही बाजूंच्या पोलादावर कोरलेली बदकं, लव्हाळ्यातून उडणारी. दुसरी जुनी, एका निवृत्त नेमबाजाने विकायला ठेवलेली. नळ्या लांबलचक, दस्त्यावर ओरखडे, नक्षी काहीच नाही. सोनलने ती उचलली आणि म्हणाली, "बाप रे!"

नर्मदेने पहिली हातात घेतली. आमच्याकडे दर हंगामाला बांबू येतात, तेव्हा ती ज्या रीतीने बांबू पारखते त्याच रीतीने ती पारखू लागली. मधोमध बोटावर तोलली. टोक उचलून बघितलं. डोळे मिटून खांद्याला लावली, डोळे उघडले. टोक जिथे हवं तिथेच होतं. पंख्याच्या पात्यावर धरली, पातं सोडून भिंतीवरच्या घड्याळावर नेली, घड्याळापाशी थांबवली.

"टोकाला हलकी आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडी याहून मोठी स्तुती नाही. दिवसभर वर धरायची काठी टोकाला जड असेल तर संध्याकाळी हात उरत नाही.

मग दुसरी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "ही तर मुसळ आहे हो."

"वजनदार आहे," धनेशभाई म्हणाले. "समोर वजन जास्त. लेडीजला नाही चालणार. नाजूक हाताला नाजूक वस्तू शोभते, बेन."

नर्मदेने तळहात वर करून त्यांना दाखवला. चिकूच्या चिकाने काळे पडलेले चरे होते त्यावर. "बघा नाजूक!"

धनेशभाई खो खो हसले. "तरी पण हीच घ्या."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा."

मला बंदुकीतलं काय कळणार? बदकं सुंदर होती. मी म्हणालो, "ही छान आहे."

ती बाजूला ठेवायला सांगितली. कागदपत्रं व्हायला थोडे दिवस लागणार होते. निघताना धनेशभाई म्हणाले, "तुमच्या क्लबात वापीचे एक दातांचे डॉक्टर येतात. त्यांना मी अगदी हीच दिली आहे. दोन-चार बार काढून बघा त्यांच्या बंदुकीने. मग माझं नाव घ्याल."

परतीच्या वाटेवर खाडीच्या पुलांवरून सूर्य मावळत होता. मिठागरं पांढरी, मग गुलाबी, मग राखाडी झाली. नर्मदा मागच्या सीटवर दोन्ही हात असे धरून बसली होती, जसं काही त्यांच्यात बंदूक आहे. मला फार बरं वाटत होतं. बदकं आता आमची होती.

त्या रविवारी तलासरीला धुकं उशिरापर्यंत राहिलं. दातांच्या डॉक्टरांनी आनंदाने बंदूक दिली. "घ्या काकी, लोण्यासारखी चालते." नर्मदा जागेवर उभी राहिली. तबकडी बोलवायला बाकीचे इंग्रजीत ओरडतात. ती नुसतं "हं" म्हणते.

"हं."

तबकडी उजवीकडे गेली. बंदूक चटकन तिच्यामागे गेली, गाठली, थांबली. बार. तबकडी चालती झाली.

"मागे," गोविंदराव म्हणाले.

"हं."

"मागे वहिनी."

"हं."

"मागे... अहो, ही तर आणखीच लवकर थांबतेय! ब्रेक लावल्यासारखी!"

सगळी फेरी तशीच गेली. क्लबच्या जुन्या बंदुकीने जेवढ्या फुटायच्या तेवढ्याही फुटल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "सवय नाही ना, होईल." नर्मदेने बंदूक बिजागरीवर उघडून रिकामी आहे ना ते दाखवलं, डॉक्टरांना परत दिली, कानांवरच्या आवाज अडवणाऱ्या वाट्या काढल्या आणि गाडीत जाऊन बसली.

गंजाडच्या पुढे ती म्हणाली, "धनेशभाईंना फोन करून नको म्हणून सांगा."

"दुसरी बघू ना," सोनल म्हणाली.

"दुसरी नको. बंदुकीचा दोष नाही. हात माझे आहेत. पन्नास वर्षं थांबायचं काम केलं त्यांनी, आता म्हातारपणी त्यांना पळ म्हणून कसं सांगू? जाऊ दे ती मुदत."

मी म्हणायला हवं होतं काहीतरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ताडाची झाडं मागे जात होती, एकामागून एक, सगळी सारखी. मला शब्द सुचेपर्यंत डहाणू आलं.

मी धनेशभाईंना फोन केला नाही. उद्या करतो, म्हणत राहिलो. महिना उतरत चालला. नर्मदा रविवारी घरीच राहू लागली. दुपारी झोपाळ्यावर पडायची, पण तिचा हात आता झोपेतही उठत नव्हता. ते मला सगळ्यांत वाईट वाटलं.

फेब्रुवारीत वाडीत तोडणी जोरात असते. पाड्यावरच्या बायका येतात, त्यांच्यात जानी. जानी आणि नर्मदा लहानपणापासूनच्या मैत्रिणी. एकमेकींशी बोलल्याशिवाय दोघींना चिकू काढता येत नाही. त्या सकाळी मी ओट्यावर फळं पुसत बसलो होतो. पानांतून ऊन गाळून खाली पडत होतं, सगळी वाडी पाण्याखाली असल्यासारखी हिरवी हलत होती. जानी तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. सून मोबाइलवर बोलते तेव्हा हसते आणि सासूशी बोलते तेव्हा हसत नाही, असं काहीतरी. नर्मदा ऐकत होती. जाळीत दोन-तीन फळं झाली की ती काठी खाली घेऊन रिकामी करते. त्या दिवशी ऐकण्याच्या नादात राहून गेलं. जाळी भरत गेली.

मी वर बघितलं तेव्हा काठीचं टोक एका फळाकडे चाललं होतं. फळापाशी पोचलं, आणि थांबलं नाही. भरलेली जाळी तशीच पुढे सरकत गेली, फळाला मागे टाकून, पानं बाजूला करत.

जानी ओरडली, "बाय! निजलीस काय? फल राहिला मागं, जाली गेली पुढं!"

"अगं, थांबली नाही ती," नर्मदा म्हणाली.

"थांबंल कशी? पोट भरलाय तिचा."

नर्मदा तशीच उभी राहिली. मग तिने काठी मागे घेतली, तीच भरलेली जाळी घेऊन पुन्हा त्या फळाकडे नेली, आणि हात सैल सोडला. जाळी पुन्हा पुढे गेली. तिने पुन्हा केलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मोठमोठे झोके. फळं काढायचं तिने सोडूनच दिलं. जाळी पुढे आणि ती मागे, अशी ती झाडाखाली फिरत होती. वरून पानं पडत होती, दोन कच्ची फळंही पडली. पदर सुटला होता, आणि ती हसत होती.

जानीने कमरेवर हात ठेवले. मला म्हणाली, "दादा, बघताय काय? बायच्या अंगात आलाय. लिंबू आणा."

नर्मदा काठी झाडाला टेकवून माझ्यापाशी आली. श्वास लागला होता.

"अहो, ती मुसळ अजून असेल का हो दुकानात?"

मी चिकू पुसायचा थांबलो.

"रिकामी जाळी मला हवी तिथे थांबते," ती म्हणाली. "हलकी असते ना. भरलेली माझं ऐकत नाही. टोकाला वजन आलं की तिची तीच जाते, मला फक्त मागे राहावं लागतं. माझे हात थांबतात तर थांबू देत. जी थांबणार नाही अशी बंदूक घेऊ."

मी फोन लावला. धनेशभाई म्हणाले, "बदकवाली तयार आहे, साहेब. कागद पण तयार." मी दुसरीचं विचारलं. "ती? ती कोण घेणार? पडली आहे."

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. वाटभर सोनल समजावत होती.

"मावशी, तुझा खांदा बघ. चार किलोच्या आसपास आहे ती."

"पाण्याची कळशी त्याहून जड असते."

"कळशी कोणी खांद्याला लावून उडवत नाही!"

"जड बंदूक धक्का कमी देते, गोविंदरावांनी सांगितलंय. विचार त्यांना."

धनेशभाईंनी दोन्ही बंदुका काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. बदकं चकाकत होती. दुसरी आपली काळी, लांब, कोणाचं लक्ष नको असल्यासारखी पडलेली. मला बदकं सोडवेनात, हे खरं. तिने ते ओळखलं.

"आवडलीत ना तुम्हाला?"

"हो. पण तुला उडवायची आहे."

ती मुसळ तिने उचलली. या वेळी बोटावर तोलली नाही. खांद्याला लावली आणि पंख्याच्या पात्यावरून घड्याळाकडे नेली. नळीचं टोक घड्याळापाशी आलं, घड्याळावरून गेलं, भिंतीवरच्या गणपतीवरून गेलं, दारापर्यंत गेलं. दारातून आत येणारा चहावाला दचकून मागे झाला.

"बेन, बेन!" धनेशभाई धावले. "दरवाजे पर मारो नहीं!"

"रिकामी आहे हो," नर्मदा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "थांबतच नाही ही."

धनेशभाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "परत विचार करा हां. ही शोभत नाही तुम्हाला. पेली केटली सुंदर छे, ती बघा."

"शोभायला मी काय लग्नात मिरवणार आहे हिला?"

धनेशभाईंनी हात जोडले. मग दस्ता तिच्या खांद्याच्या मापाने थोडा कापून द्यायचं कबूल केलं आणि खरोखर मन लावून माप घेतलं. तिची हनुवटी, गाल, खांदा, सगळं शिंप्यासारखं. उतरून गाडीपर्यंत पोचवायला आले. "आता तुमचीच," म्हणाले. "देव करो, उडो पण तुमच्याच मनासारखी."

नोंदणी आणि पोलीस ठाण्यातलं सगळं उरकून आम्ही तलासरीला गेलो, तेव्हा धुक्याचे दिवस संपत आले होते. खाणीच्या तळात मात्र थोडं राहिलं होतं, दुधाच्या सायीसारखं. नेहमीची मंडळी जमली होती. डॉक्टर बंदूक बघून म्हणाले, "काकी, ही काय तोफ आणलीत?" नर्मदा हसली नाही. गाडीत ती मला एवढंच म्हणाली होती, "हीही थांबली तर मग मी परत येणार नाही इथे." मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

तिने काडतुसं भरली, बंदूक मिटली, खांद्याला लावली. लांब नळ्या धुक्यावरून स्थिर झाल्या. गोविंदराव मागे उभे राहिले, एका पायावर.

"हं."

तबकडी डावीकडे निघाली. अगदी तिरपी, जी तिला कधीच मिळत नाही तशी. बंदूक आधी हललीच नाही असं वाटलं. मग हलली, सावकाश, एखादं होडकं किनारा सोडतं तशी, आणि चालू लागली. तबकडीपाशी आली. बार झाला. तबकडी कातळावरून तशीच गेली आणि गवतात पडली.

मी खाली बघितलं.

मग गोविंदरावांचा आवाज खाणीच्या पलीकडून परत आला.

"पुढे! वहिनी, पुढे गेली!"

नर्मदेने बंदूक उघडली. रिकाम्या काडतुसातून धूर निघाला. तिने मान वळवली.

"काय म्हणालात?"

"पुढे गेली! हातभर पुढे! आईची शपथ, मी डोळ्यांनी बघितलं!"

"खरंच पुढे?"

"खोटं कशाला सांगू? दोन वर्षं घसा फोडला माझा, आज पहिल्यांदा पुढे!"

"पण चुकली ना?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दाताचं बघा हो," गोविंदराव त्यांच्याकडे न वळताच म्हणाले. "वहिनी, आता फार नाही. जरा आधी ओढा चाप. बंदुकीला तिच्या मनाने जाऊ द्या, तुम्ही फक्त आधी ओढा."

नर्मदा हसू लागली. हसता हसता तिला काडतूस भरता येईना, हातातून सुटून खाली पडलं. तिने वाकून उचललं, पदराने पुसलं, परत भरलं. तोंडावरचं हसू तसंच ठेवून तिने गाल लाकडाला टेकवला.

"हं."

तीच वाट, तशीच तिरपी, डावीकडे. लांब काळी बंदूक तिच्यामागे निघाली. तबकडी वर गेली, तिची घाई संपली, आणि ती तिथे थांबल्यासारखी झाली. बंदूक थांबली नाही. बार झाला आणि तबकडीच्या जागी काळी धूळ राहिली, आधी गोल, मग वाऱ्याने लांबट झालेली.

खुर्चीवरून मी केव्हा उठलो ते मला कळलं नाही. सगळे ओरडत होते. धूळ खाली यायला वेळ लागत होता. नर्मदा त्या धुळीकडे बघतही नव्हती. तिच्या खांद्यावरची बंदूक अजून हळूहळू डावीकडे चाललीच होती.